नावाड्यांच्या वाटेवर सायकलने

नॅचेझ हे अमेरिकेच्या दक्षिणेतले, मिसिसिपी नदीच्या काठचे जुने बंदर. दोनशे वर्षांपूर्वी उत्तरेकडचे नावाडी धान्य-पीठ, खारवलेले मांस असा माल तराफ्यांवर लादून प्रवाहाबरोबर इथे येत. माल विकला की तराफाही लाकडाच्या भावात फुंकून टाकीत. उलट्या प्रवाहात तो ओढणार कोण? मग कनवटीला पैसे लावून थेट नॅशव्हिलपर्यंत पायी घरी जायचे! महिनाभराची तंगडतोड, त्यात चोरांचे भय. 1811-12 च्या हिवाळ्यात पहिली आगबोट या नदीत उतरली आणि थोड्याच वर्षांत ही पायपीट संपली.

त्याच वाटेलगत आता 715 किलोमीटरांचा गुळगुळीत रस्ता आहे. त्याचे नाव ‘नॅचेझ ट्रेस पार्कवे’. मालमोटारींना मज्जाव, जाहिरातींचे फलक नाहीत, दुकान नाही. सायकलवाल्याला याहून काय हवे? माझा भाचा नॅशव्हिलला नोकरीला असतो. गेल्या मार्चअखेरीस आम्ही दोघे नॅचेझहून निघालो. पहिल्या दिवसाचा पल्ला 88 किलोमीटरांचा.

“मामा, पाणी भरपूर घ्या. वाटेत टपरी नाही हं!” त्याने बजावले. चहाच्या टपरीविना प्रवास ही कल्पनाच आम्हां पुणेकरांना सोसत नाही. पण घेतले पाणी.

सकाळी झाडांखालून गार वारा होता. ओकच्या फांद्यांवरून करड्या शेवाळाच्या जटा लोंबत होत्या, मधूनच डॉगवुडची पांढरी फुले. सतरा-अठरा किलोमीटरांवर एमराल्ड माउंड ही टेकडी लागली. टेकडी कसली, माणसांनी रचलेला मातीचा प्रचंड ओटाच तो! नॅचेझ जमातीच्या पूर्वजांनी सुमारे आठ एकरांवर तो रचला. कोलंबस इकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून हे काम चालू होते.

पुढे माउंट लोकस्ट. 1780 च्या सुमाराचे हे लाकडी घर म्हणजे त्या नावाड्यांची धर्मशाळा. मात्र धर्मार्थ नव्हे, पैसे घेऊन. मक्याच्या कण्या, दूध आणि पडवीत पथारी. घर नीट जपले आहे. जवळच्या झाडीत त्या मळ्यावर राबलेल्या 43 गुलामांची दफनभूमी आहे. घर पाहायला दहा मिनिटे लागली. तिथे मात्र आमचा बराच वेळ गेला.

पोट कोकलू लागले तेव्हा पोर्ट गिब्सन आले. इथल्या एका चर्चच्या कळसावर क्रूस नाही, आकाशाकडे बोट दाखवणारा सोनेरी हात आहे! एका छोट्या खाणावळीत मक्याची खरपूस ब्रेड मिळाली. आपल्या भाकरीची ही चुलतबहीणच म्हणा ना. वाढणाऱ्या वृद्ध कृष्णवर्णीय बाई मला सरसकट ‘हनी’ म्हणत होत्या. साठीच्या माणसाला हे जरा जडच गेले, पण तिकडची ती रीत.

“कुठून आलात?” त्यांनी विचारले. मुंबईचे नाव त्यांनी ऐकले होते. माझे आजोळ खामगावचे, तिथे कापूस फार, असे सांगताच त्या थबकल्या.

“वेचायचे कोण? तुमच्या घरचे?”

“नाही. मजूर बाया.”

“माझी आई वेचायची,” त्या म्हणाल्या. “बोंडाची टोके बोटांत घुसतात. तुमच्याकडेही घुसत असतील.” आणि त्या चहा आणायला गेल्या.

आजोळच्या ओसरीवर रचलेल्या पांढऱ्याशुभ्र ढिगावर मी लहानपणी उड्या मारल्या आहेत. वेचणाऱ्या बायांची बोटे मात्र कधी पाहिल्याचे आठवत नाही.

दुपारी जुन्या पायवाटेचा खोलगट तुकडा पाहिला. वाऱ्याने आणून टाकलेली इथली माती भुसभुशीत. माणसांच्या पायांनी आणि जनावरांच्या खुरांनी वाट पुरुषभर खाली गेली आहे. दोन्ही बाजूंना उघडी मुळे, वर झाडांची कमान. भाचाही तिथे गप्प झाला.

शेवटचे चढ पायांनी मोजत रॉकी स्प्रिंग्ज गाठले. 1860 मध्ये इथे 2,616 माणसे राहत. व्यापारी 3, डॉक्टर 4, शिक्षक 4, पाद्री 3, कारागीर 13, मळेवाले 54, मुकादम 28 अशी मोजदाद आहे. आणि दोन हजारांहून अधिक गुलाम. म्हणजे गाव होते ते त्यांचेच, बाकीचे मूठभर!

1861 मध्ये यादवी युद्ध पेटले, इथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी आपल्या वऱ्हाड-खानदेशाकडे तोंड वळवले. मुंबईत पैशाचा पूर आला. मे 1863 मध्ये जनरल ग्रँटच्या सैन्याचा तळ याच परिसरात होता, तेव्हा तिकडे शेअरबाजाराला उधाण येत होते. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. त्याच साली पीतज्वराने रॉकी स्प्रिंग्जची माणसे नेली. पुढे किडीने कापूस खाल्ला, उघडी पडलेली माती पावसाने वाहून नेली, आणि गाव उठले.

आता उरले आहे 1837 चे विटांचे चर्च, पाण्याच्या टाक्या आणि गंजलेल्या दोन लोखंडी तिजोऱ्या. एका तिजोरीत मी डोकावलो. आत पाला साचला होता.

“मामा, मोटार येईल आता आपल्याला न्यायला,” भाचा म्हणाला. चर्चमागच्या कबरस्तानात अजून उजेड होता. दगडांवर मळेवाल्यांची नावे स्वच्छ वाचता येत होती. दुसरी नावे शोधीत मी शेवटच्या रांगेपर्यंत गेलो. पुढे नुसती झाडी होती.