डांबर सुटल्यावर

नवी फोर बाय फोर बुक करायला निघालेली मंडळी मला हमखास विचारतात, “काका, वरच्या व्हेरिएंटला नेव्हिगेशन इनबिल्ट आहे. जास्तीचे पैसे मोजू का?” सह्याद्रीत आणि कच्छच्या छोट्या रणात गाड्यांचे ताफे नेणं हा माझा धंदा, त्यामुळे असले प्रश्न माझ्याच दारात येतात. मी उलट विचारतो, “गाडी नेणार कुठे?” गोवा, महाबळेश्वर, फार तर स्पिती, असं उत्तर आलं तर खुशाल मोज म्हणतो. पण डांबर सोडायचं असेल तर ते पैसे टायरांत आणि रिकव्हरीच्या सामानात घाल, आणि वाट बघायला गाडीतून काढून हातात घेता येईल असं काहीतरी ठेव.

इनबिल्टची बाजू आधी सांगतो, कारण ती लंगडी नाही. त्याचा अँटेना बहुतेक वेळा टपावरच्या शार्क फिनमध्ये असतो, म्हणजे सगळं आकाश त्याच्यासमोर उघडं. मोबाइल मात्र पत्र्याखाली बसून काचेतून दिसेल तेवढ्या आकाशावर भागवतो. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर. जागा ठरवायला एका वेळी निदान चार दिसावे लागतात. घाटात दोन्ही अंगांना कातळभिंती उठल्या की आकाशाची पट्टी अरुंद होते आणि काही सिग्नल थेट न येता कातळावर आपटून येतात. असा फेरा मारून आलेला सिग्नल जागाही भलतीच दाखवतो. अशा वेळी टपावरचा अँटेना नक्कीच उजवा. शिवाय चाकांचा वेग आणि गाडीचं वळण मोजणारे सेन्सर जोडलेले असतील, तर एक्स्प्रेसवेच्या बोगद्यातही बाण पुढे सरकत राहतो. (चिखलात चाकं जागच्या जागी फिरायला लागली की हा हिशेब बिघडतो, पण तिथे सहसा डोक्यावर आकाश असतं, म्हणून निभावतं.)

तर यंत्र चांगलं असतं. घोळ त्यावरच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो, आणि तो शोरूममध्ये कोणी सांगत नाही. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा जीपीएस चार-पाच मीटरनं चुकतं. शहरात एवढ्या चुकीनं बाण शेजारच्या सोसायटीत दिसला असता. म्हणून सॉफ्टवेअर बाण उचलून जवळच्या रस्त्यावर आणून बसवतं. गाडी रस्त्यावरच असणार हे त्यानं गृहीतच धरलेलं. आता तुम्ही वेल्ह्याच्या बाजूला एखाद्या पाणंदीनं चालला आहात आणि पन्नास पावलांवर समांतर डांबरी रस्ता आहे. पडदा बिनदिक्कत तुम्हाला डांबरावर दाखवणार. मधला ओढा त्याच्या खिजगणतीत नाही. रस्त्यापासून बरेच लांब गेलात की बाण रिकाम्या करड्या पडद्यावर तरंगतो आणि आतली बाई शक्य तिथून मागे वळायला सांगते. रस्ता सोडलेल्या गाडीला जे हवं, म्हणजे आपण नेमके कुठे आहोत आणि आलो कोणत्या वाटेनं, तेच इथे मिळत नाही.

मोबाइलमधली रस्ते दाखवणारी ॲपही याच कुळातली, त्यामुळे नुसता मोबाइल लावला म्हणजे काम झालं असं नाही. २०२१च्या जानेवारीत अकोले तालुक्यात कोतूळच्या बाजूला रात्री मोबाइलवरचा नकाशा बघत निघालेली एक गाडी धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या पुलावर गेली आणि त्यात एकाचा जीव गेला. नकाशावर पूल होता, जागेवर पाणी होतं. आपल्याकडे धरणांच्या काठाला असे अर्धे पाण्यात गेलेले जुने रस्ते ठिकठिकाणी आहेत, आणि पाणी वर्षभर एका पातळीला राहत नाही.

छोट्या रणात गोष्ट आणखी वेगळी. सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचं हे रानगाढवांचं अभयारण्य पावसाळ्यात पाण्याखाली असतं. नंतर सुकतं आणि पाटासारखं सपाट होतं. वन खात्याची परवानगी काढून आत गेलं की चहूकडे चाकोऱ्याच चाकोऱ्या. मिठागराच्या ट्रॅक्टरच्या, पाण्याच्या टँकरच्या, वच्छराज बेटावरच्या देवळाला जाणाऱ्या भाविकांच्या. प्रत्येक चाकोरी कुठे ना कुठे जाते, पण आपल्याला हवी तिथे जाईलच असं नाही. दुपारी क्षितिज थरथरायला लागलं की चकवा लागायला वेळ लागत नाही. वरचा पापुद्रा कोरडा ठणठणीत आणि बोटभर खाली काळा चिखल, अशी जमीन कुठे सुरू होते ते नजरेला कळत नाही. तिथे भरवसा एकाच गोष्टीचा: आपण आलो ती रेषा. ज्या जमिनीनं तासाभरापूर्वी गाडी पेलली, ती बहुधा परतीलाही पेलते. म्हणून यंत्र निवडताना मी पहिलं बघतो ते हे, की चाललेली वाट ते जसंच्या तसं नोंदवतं का, ती रेषा पडद्यावर ठळक राहते का, आणि ती जीपीएक्स फाइल होऊन मागच्या गाडीच्या यंत्रात जाते का. गाडीबरोबर येणाऱ्या नेव्हिगेशनपैकी बहुतेक इथेच बाद होतात.

दुसरी परीक्षा हाताची. कातळावरून गाडी चढवताना ड्रायव्हरची नजर पुढच्या चाकावर हवी. पडद्यात डोकं घालायचं काम शेजारच्याचं, त्यामुळे यंत्र त्याच्या मांडीवर असलेलं बरं. गचके बसत असताना टचस्क्रीनवर बोट लावायला जा, भलतंच काहीतरी उघडतं. बटणांचं यंत्र इथे सोन्यासारखं वाटतं. ओढा आला की खाली उतरून पाण्यात काठी घालत पलीकडे जावं लागतं. उताराची जागा मी तिथेच उभा राहून यंत्रात टिपतो. डॅशबोर्डातला पडदा काही उपटून नेता येत नाही, आणि गाडी बंद पडली की तो पण झोपतो.

पोर्टेबलमध्येही निवड आहे. गार्मिनचं ईट्रेक्स दिसायला ओबडधोबड, पडदा चिमुकला. पण ते दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालतं आणि भर उन्हात वाचता येतं. मोबाइलचा पडदा मोठा, नकाशे सरस. ओस्मअँडसारख्या ॲपमध्ये समोच्च रेषांसकट सगळा जिल्हा घरूनच उतरवून घेता येतो. रेंज गेली की जीपीएस गेलं, हा गैरसमज मात्र सोडा. जीपीएसला सिम लागत नाही. रेंज नसेल तर उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोनला थेट उपग्रहाकडूनच घ्यावी लागते. ती सेकंदाला ५० बिट अशा गोगलगायीच्या चालीनं येते, म्हणून पहिला ठावठिकाणा लागायला वेळ जातो. निघण्यापूर्वी मोकळ्यावर मिनिटभर थांबा, एवढंच. मोबाइलचा खरा वैरी म्हणजे ऊन. चार्जिंग चालू असताना काचेला चिकटवलेला फोन दुपारी तापून बंद पडतो. एसीच्या झोताजवळ लावा. चार्जरही सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचू नका. खडबडीत वाटेवर तो हमखास ढिला होतो आणि बॅटरी संपेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. फ्यूज घालून स्वतंत्र वायर ओढून घ्या.

मोठे टायर घालणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मूळ २५५/६५ आर १८ टायर सुमारे ७८९ मिलिमीटर व्यासाचा असतो. तो काढून ३३ इंची घातला की १०० किलोमीटर चाललेली गाडी ओडोमीटरवर ९४च्या आसपास दाखवते. “देवळापासून बारा किलोमीटरवर डावीकडे” अशा खुणांवर चालणाऱ्यांनी जीपीएसचं अंतर धरावं. आणि अक्षांश कोणी फोनवर सांगितला तर तो अंश-मिनिटांत आहे की दशांशात, हे विचारून घ्या. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५; यंत्रात १८.३० घातलं की तुम्ही २२ किलोमीटर दक्षिणेला.

परदेशातले नातेवाईक हौसेनं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भेट देतात. ते आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाही; इनरीचसारखी यंत्रं जवळ सापडल्यामुळे परदेशी पर्यटक विमानतळांवर अडकले आहेत. नुसतं ऐकणारं जीपीएस चालतं, बोलणारं नाही. आणीबाणीसाठी मग कोणत्या वाडीत रेंज मिळते ते आधीच टिपून ठेवावं.

माझ्या गाडीत इनबिल्ट आहे, ते मला शेवटच्या पेट्रोल पंपापर्यंत नेतं. पुढे शेजारच्याच्या हातात फोन, आणि दारातल्या कप्प्यात ईट्रेक्स चालू. संध्याकाळी दोन्हींतल्या रेषा उतरवून ठेवतो. त्या मागणारे बरेच असतात. ताफ्यात आलेल्यांना देतो, बाकी कोणाला नाही. जीपीएक्स फाइल एकदा मोकळी सुटली की पुढच्या मोसमात त्या रेषेवर पन्नास गाड्या उभ्या राहतात. आपण ज्या शेतकऱ्याला विचारून बांधावरून गेलो, त्याला त्या पन्नासांतला कोणी विचारत नाही. मुळशीकडच्या एका वाटेवर त्या शेतकऱ्यानं आता काटेरी तार ओढली आहे. नकाशात ती वाट अजून खुलीच दिसते.