हरकत नोंदवायलाच हवी

वसई

चि. बाळ यास,


तुझं पत्र मिळालं. लोकांना घरं हवीत, मग हरित पट्टा उठवायला तुमची हरकत का, असं तू विचारलंस. वाडीच्या सातबाऱ्यावर माझ्याबरोबर तुझंही नाव आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

घरांना माझा विरोध नाही. नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल पकडणाऱ्यांची ओढाताण मी पाहते. विरोध आहे तो वाड्यांवर भराव टाकायला. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र. मधल्या या पट्टीत गोडं पाणी म्हणजे पावसाचं मुरलेलं पाणी. ते मुरणं थांबलं आणि उपसा वाढला की विहिरीत खारं पाणी शिरतं. जुन्या लोकांनी बावखळं, म्हणजे वाडीतली तळी, खणली ती उगाच नाही. पावसाचं पाणी त्यांत साठायचं, आसपासच्या विहिरींना पाझरायचं आणि त्यावर केळी, पानवेली, मोगरा उन्हाळाभर तगायचा. बावखळ बुजवलं की साठवणही गेली आणि मुरणंही.

तुझ्या जन्माआधीची गोष्ट सांगते. 1980च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा भाग बांधकामाला खुला करायचं ठरलं. नव्या इमारतींसाठी वाड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. बायका रस्त्यावर उतरल्या. त्या लढ्यामुळे पश्चिमेच्या वाड्या बऱ्याच अंशी टिकल्या. तरी 1990 मध्ये नियोजन सिडकोकडे गेलं, बांधकाम वाढतच राहिलं आणि विहिरींच्या या मुलखाला सूर्या धरणाचं पाणी लांबून आणावं लागलं.

जुलै 2018 आठवतो ना? वसई-विरारमध्ये रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, वीज गेली. पाऊस प्रचंड होता हे खरं. पण पाणी जिथे पसरायचं त्या सखल जमिनींवर आणि मिठागरांच्या बाजूला भराव पडले होते, हेही खरं. भरावावरची इमारत उंच राहते, तिचं पाणी शेजारच्या वाडीत उतरतं. त्या पुरात नव्या वसाहतींतली माणसंच अडकली. घर ज्याला हवं, त्याचंही यात भलं नाही. त्याला आधीच उभ्या असलेल्या वस्तीत नीट पाणी आणि गटारं द्या, जुन्या धोकादायक इमारती पुन्हा बांधा. ते मी स्वतः मागेन.

मुंबई महानगर प्रदेशाच्या 2016–36 च्या प्रादेशिक आराखड्याच्या मसुद्यावर वसईकरांनी हरकतींचे गठ्ठे दिले होते. आता आपल्या बाजूचा हरित पट्टा उठवण्याचा बदल निघाला, तर मुदतीत लेखी हरकत द्यावी लागेल. छापील नमुन्यावर नुसती सही करू नकोस. सर्व्हे नंबर लिही, आपली विहीर लिही, बावखळ लिही, पावसात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते लिही. सुनावणीला मी जाईन, पण खातेदार म्हणून तुझं पत्र हवं.

वाडी विकायची की ठेवायची, हे आपण दोघं बसून ठरवू. पैशाची अडचण असेल तर मोकळेपणाने सांग, राग धरणार नाही. मात्र पट्टा उठला तर शेजाऱ्यांच्या विहिरीही जातील, आणि त्यांच्या वतीने होकार देण्याचा हक्क आपल्याला नाही. म्हणून हरकत लिही आणि सही करून लवकर पाठव.

तुझी,
आत्या