पत्ता : मुंबई 4

चि. मीनल,


प्रकल्पासाठी मुंबईतली कोणती इमारत घेऊ, असं तू विचारलंस. कुठलीही घे, पण तिच्या अंगावरची अक्षरं सोडू नकोस.

सुरुवात ओव्हल मैदानापासून कर. पूर्वेला 1878 सालचं उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग, आणि मधे क्रिकेट खेळणारी पोरं. टॉवरचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, नाव लागलं त्यांच्या आईचं. समोरच्या रांगेतलं एम्प्रेस कोर्ट मात्र आपल्या गजानन म्हात्र्यांचं. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचं 1937 सालचं सूना महालही त्यांचंच. त्यांच्या हाती सिमेंट काँक्रीट आलं होतं. म्हणून खिडक्यांवरचे छज्जे कोपऱ्याशी न थांबता वळून पुढे जातात आणि ऊनपाऊस दोन्ही अडवतात. या इमारतींची नावं नीट बघ. पुष्कळ ठिकाणी ती मागाहून ठोकलेली नाहीत, दर्शनी भागाचा भाग म्हणूनच उठावात घडवलेली आहेत.

बोरीबंदरचं स्टेशन एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं आणि 1933 चं रीगल थिएटर त्याच्या मुलाचं, चार्ल्सचं. बापाने गॉथिक गाजवलं, मुलाने डेको. एका घराण्यात शहराची शैली अशी बदललेली क्वचितच दिसेल.

मग गिरगावात ये. तिथे इमारतींपेक्षा पाट्या वाचायच्या. जुनी पाटी तारीख लिहीत नाही, पण सांगते. पत्त्यात नुसतं ‘मुंबई 4’ असेल, तर पाटी बहुधा 1972 च्या आधीची, कारण पिनकोड त्या वर्षी आला. फोन नंबर आठ आकड्यांपेक्षा लहान असेल, तर तोही एक पुरावा. आणि अक्षरांकडे बघ : पेंटरने कुंचला कुठे दाबला, कुठे उचलला, वेलांटी फळीत बसवायला कशी आवळली. फ्लेक्सवर हे येत नाही. गेल्या महिन्यात ठाकूरद्वारजवळ एक अख्खी लाकडी पाटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर पालथी पडलेली दिसली. जीव तुटला.

पाटी किती टिकते बघ. धोबीतलावावर 1904 पासूनचं कयानी हे इराणी हॉटेल अजून चालू आहे; जवळचं बस्तानी बंद पडलं. पण बस्तानीतल्या गिऱ्हाइकांसाठीच्या सूचनांच्या पाटीवरून निस्सीम इझिकेल यांनी कविता केली, म्हणून त्या सूचना आज वाचायला मिळतात. बाकीच्या इराण्यांच्या पाट्यांना कवी भेटला नाही.

2022 साली कायद्यात दुरुस्ती होऊन दुकानांवर ठळक मराठी नाव सक्तीचं झालं. हे व्हायलाच हवं होतं. पण नवी पाटी लावताना जुनी, हाताने रंगवलेली मराठी पाटीसुद्धा उतरते, हे बरं नाही. ती आत, गल्ल्यामागच्या भिंतीवर लावता येते.

ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या इमारती 2018 पासून जागतिक वारसा आहेत. त्यांचे फोटो, नकाशे भरपूर आहेत. गिरगावच्या पाट्यांचे तू काढ. दिवाळीत येशील तेव्हा वही घेऊन ये. ठाकूरद्वारपासून सुरुवात करू, आणि सकाळी लवकर, दुकानांच्या ताडपत्र्या खाली यायच्या आत.

तुझी,
मावशी