हातात काम आहे, कागद नाही

युवा प्रशिक्षणार्थ्यांच्या मागण्यांच्या बातम्या मी केल्या, पुढंही करीन. आज मात्र त्या बातम्यांत कधीच न येणाऱ्या पोरांबद्दल लिहायचंय.

तुळजापूर ते येडशी हायवेच्या कडेची गॅरेजं बघा. दहावी नापास पोरगा तिथं येतो. पहिलं वर्ष डिझेलमध्ये पार्ट धुण्यात आणि चहा आणण्यात जातं. मग वस्ताद चाक खोलू देतो, नंतर ब्रेक, क्लच. इंजिनला हात लावायला तीन-चार वर्षं. शिकवत कुणी नाही, शिव्या खात बघत बघत शिकायचं. पण शिकलेला पोरगा नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय का सांगतो. भूमकडच्या खवा भट्ट्यांवरही तेच. धग कधी कमी करायची, कढई कधी उतरवायची, हे पुस्तकातून येत नाही.

आता हाच पोरगा चाकणला जातो. गेटवर पहिला प्रश्न, आयटीआय झालाय का? नाही? मग हेल्पर. माझ्या ओळखीतल्या एकानं सात वर्षं ट्रॅक्टरची कामं केली, एकट्यानं इंजिन बांधायचा. कंत्राटदारानं त्याला माल उचलायला लावलं. शेजारच्या मशीनवरच्या आयटीआयवाल्याला अडलं की सांगायचा हाच, पगार जास्त त्याला. आठ महिन्यांत परत आला.

दुसरीकडं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. २०२४ साली सुरू झाली. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. मुदत आधी ६ महिने, नंतर वाढवून ११. काम करता करता शिकावं, हाच हेतू होता आणि तो चांगलाच होता. पण जिथं ग्रामसेवकानं पोरीला शेजारी बसवून दाखले, नोंदी, वसुली दाखवली, ती काहीतरी घेऊन बाहेर पडली. जिथं नुसतं झेरॉक्सला पळवलं, तिथं ११ महिने गेले. प्रमाणपत्र दोघांना सारखंच. म्हणजे एकाकडं काम आहे पण कागद नाही, दुसऱ्याकडं कागद आहे पण काम नाही. कंपनीवाला तरी कशावर विश्वास ठेवणार?

कामातून शिकलेल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय सरकारकडं आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून आरपीएल नावानं ती आहे. मी गॅरेजवाल्यांना विचारलं, एकालाही हा शब्द माहीत नव्हता. जिल्हा कौशल्य विकास केंद्रानं आयटीआयचे निदेशक सोबत घेऊन एखाद्या बाजारच्या दिवशी गॅरेजच्या ओळीत यावं. पोरांसमोर खोललेलं इंजिन ठेवावं आणि बघावं. आपला जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, एवढं तर करता येईल.

वस्ताद लोकांनाही सांगणं आहे. पोरगा उद्या समोरच दुकान टाकील या भीतीनं तुम्ही चिठ्ठी देत नाही, हे मला कळतं. तरी लेटरहेडवर चार ओळी लिहून द्या. "चांगला मुलगा आहे" एवढंच नको. किती वर्षं होता आणि कोणतं काम एकट्यानं करतो, ते लिहा.

तुमच्या गावात असे पोरं-पोरी असतील तर मला तालुका आणि काम कळवा, नाव-नंबर नको. यादी झाली की मी ती कौशल्य केंद्रात नेऊन देतो आणि ते काय म्हणतात ते इथंच टाकतो.