कुठलं शिरूर?

गावाबाहेर नुसतं 'शिरूर' म्हटलं की ऐकणारा थेट पुणे जिल्ह्यात, घोडनदीला पोचतो. लातूरचा असेल तर शिरूर अनंतपाळ धरतो, नाहीतर ताजबंद. आम्ही सिंदफणेकाठचे, 'कासार' जोडल्याशिवाय आमचा पत्ता लागत नाही. घरी बसून प्रोग्रॅमिंग करताना हाच प्रश्न एक लिंटर मला विचारेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

लिंटर म्हणजे कोड न चालवता, नुसता वाचून खोड काढणारा प्रोग्रॅम. पहिला 'लिंट' बेल लॅब्जच्या स्टीफन जॉन्सन यांनी १९७८मध्ये सी भाषेसाठी लिहिला. नाव कपड्याला चिकटणाऱ्या तंतूंवरून. कापूस वेचून आल्यावर ज्याने सदरा झटकलाय, त्याला ते समजावून सांगायला नको. (जिनिंगमध्ये सरकी काढल्यावर उरणाऱ्या रुईलाही इंग्रजीत लिंटच म्हणतात, पण ती आपण विकतो, झटकत नाही.) जावास्क्रिप्टसाठीचा ईएसलिंट निकोलस झाकस यांनी २०१३ साली सुरू केला.

आमच्या प्रोजेक्टमध्ये फोल्डरात फोल्डर इतके झाले, की एखादी फाईल मागवायला दोन टिंबं-तिरपी रेघ, दोन टिंबं-तिरपी रेघ करत चार-चार पायऱ्या चढाव्या लागत. म्हणून मुख्य फोल्डरला टोपणनाव ठेवलं: @. ॲपचा बिल्ड करणाऱ्या व्हीटच्या कॉन्फिगमध्ये ते नोंदवलं, ॲप सुरळीत चाललं. एडिटरमध्ये मात्र प्रत्येक इम्पोर्टखाली लाल रेघ. या पत्त्यावर मॉड्यूल सापडत नाही, असं ईएसलिंटमधला एक नियम म्हणे! चालतंय तर कटकट कशाला, म्हणून तो नियमच बंद करून टाकला. एक ओळ, एक शून्य.

तीन आठवड्यांनी सर्व्हरवर बिल्ड पडला. फाईलचं नाव कॅपिटल 'बी'ने सुरू होणारं, मी मागवलेलं स्मॉल 'बी'ने. माझ्या विंडोजला दोन्ही सारखीच. सर्व्हरच्या लिनक्सला दोन वेगळी माणसं. आणि अक्षरांचा हा लहान-मोठेपणा तो नियम न सांगता तपासतो, विंडोजवरसुद्धा. ज्याचं तोंड मी बंद केलं होतं, नेमका तोच बोलणार होता.

मग रात्री नीट बसलो. व्हीटला सांगितलेलं टोपणनाव ईएसलिंटला आपोआप कळत नाही. पत्ता शोधून देणारा रिझॉल्व्हर त्याला वेगळा बसवून द्यावा लागतो. 'सेटिंग्ज'मध्ये जोडी लिहिली: @ आणि त्याचा फोल्डर. काही रेघा गेल्या, काही तशाच. बघतो तर उरलेल्या सगळ्या जेएसएक्स फाईली मागवणाऱ्या ओळींखाली. मी बसवलेला रिझॉल्व्हर मुळात जेएसएक्स शोधत नाही, तसली एक्स्टेन्शनं आपण यादीत घालायची. घातली. शेवटी एकच रेघ राहिली, आणि ती खरी होती: मी कधीतरी हलवलेल्या फाईलचा जुना पत्ता. कुठूनच न जोडलेल्या पानात होता, म्हणून बिल्डलाही दिसला नव्हता.

आता ते टोपणनाव तीन ठिकाणी आहे: व्हीटकडे, ईएसलिंटकडे आणि एडिटरसाठी जेएसकॉन्फिगमध्ये. रेशनकार्ड, आधार आणि सातबाऱ्यावर एकच नाव राखण्यातला प्रकार. एकीकडे बदललं की दोन खेटे ठरलेले. टाइपस्क्रिप्टवाल्यांचा रिझॉल्व्हर त्यांच्याच कॉन्फिगमधून पत्ते वाचतो, त्यांचा एक खेटा वाचतो.

तुमच्याही कॉन्फिगमध्ये हा नियम शून्यावर ठेवलेली ओळ असेल, तर रिझॉल्व्हर बसवा, ती काढा आणि कुठल्या रेघा उरतात ते वाचा. आणि मला पार्सल पाठवायचं झालं, तर 'शिरूर कासार, जिल्हा बीड' असं पूर्ण लिहा.