पोटात दुखतंय की मनात?

अंधेरी असो की मुलुंड, लहानपणी आपल्या प्रत्येकाचा एक फॅमिली डॉक्टर ठरलेला असायचा. तळमजल्यावरचा दवाखाना, बाहेर बाकडं, आत कंपाउंडर आणि कागदाच्या पुडीतल्या गोळ्या. ताप, जुलाब, गालगुंड... सगळ्यावर इलाज तिथेच!

बोरिवलीच्या माझ्या मावसबहिणीलाही दहावीत तिथेच नेलं. रोज सकाळी क्लासच्या वेळेला तिच्या पोटात दुखायचं. अ‍ॅसिडिटीची गोळी झाली, जंतांचं औषध झालं, सोनोग्राफीही नॉर्मल आली. ‘नाटकं करते,’ मावशी म्हणाली. पुढे चार महिन्यांनी शाळेतल्या समुपदेशक बाईंना खरं काय ते कळलं. नापास होण्याच्या धास्तीने पोरगी रात्र-रात्र जागी होती. जगणंच नको वाटत होतं तिला. आज ती सावरली आहे. परवा मला म्हणाली, ‘ताई, डॉक्टरांनी आईला पाच मिनिटं बाहेर बसवलं असतं ना, तर मी सगळं सांगितलं असतं.’

डॉक्टर वाईट होते का? मुळीच नाही. त्यांना हे कुणी शिकवलंच नव्हतं. आपल्याकडे एमबीबीएसला मानसोपचाराची वेगळी परीक्षाच नसते. आणि गरज किती? निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. साठ मुलांचा वर्ग धरा, म्हणजे चार जण!

सायकॅट्रिस्टचं नाव काढलं की घरात सन्नाटा पसरतो. फॅमिली डॉक्टरकडे मात्र कुणीही बिनधास्त जातं. ही ओळख कामाची ठरते, हे गोव्यात दिसलं. ‘संगाथ’ संस्थेचे डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १२ सरकारी केंद्रं आणि १२ खासगी दवाखान्यांत केलेला अभ्यास २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पेशंट नैराश्याचे आणि चिंतेचे, मोठ्या वयाचे. प्रशिक्षित समुपदेशक मिळाल्यावर सरकारी केंद्रांत जास्त पेशंट बरे झाले. खासगी डॉक्टरांकडे मात्र समुपदेशक नसतानाही तितकेच बरे होत होते. कोण त्रासात आहे ते त्यांना कळवलं होतं आणि हातात एक पुस्तिका दिली होती, बस्स!

मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना शिकवायचं ते काही रॉकेट सायन्स नाही. मुलाशी थोडा वेळ एकट्याने बोला. घर, शाळा, मित्र, झोप, भूक विचारा. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. आणि तज्ज्ञाकडे कधी पाठवायचं ते ओळखा. जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांसाठी २०१० मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत मुलांसाठी वेगळा भाग आहे.

तोवर आपण काय करायचं? २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आणि भाचीला दवाखान्यात नेलंत, तर आपणच म्हणा, ‘डॉक्टर, आम्ही जरा बाहेर थांबतो.’