वॉच माझ्याकडे

जहाजावरच्या दिवसाचे सात भाग असतात, हे आम्हा भावंडांना पाढे येण्यापूर्वीच ठाऊक होते. चार-चार तासांचे पाच पहारे आणि संध्याकाळी चार ते आठच्या दरम्यान दोन-दोन तासांचे दोन छोटे, ज्यांना ‘डॉग वॉच’ म्हणतात. हे तुकडे पाडले नसते तर पहारे सहाच झाले असते आणि त्याच माणसाच्या वाट्याला रोज तीच मध्यरात्र आली असती, असे नाना समजावून सांगत. माझे वडील भारतीय नौदलात अभियंता अधिकारी होते. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’वर शिक्षण आणि मग उमेदीची सारी वर्षे जहाजांच्या इंजिनकक्षात. गेल्या वर्षी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी ते गेले. अखेरच्या सहा वर्षांत त्यांची स्मृती ओसरत गेली, आणि त्या काळात आम्हाला जे उपयोगी पडले ते बहुतेक सारे त्यांच्याच नोकरीतून आलेले होते. वाचकहो, तुमच्या घरी असे कोणी वडीलधारे असेल, तर यातले काही तुमच्याही कामी येईल म्हणून हे लिहीत आहे.

१९७१ च्या युद्धात नाना ‘विक्रांत’वर होते. त्या विमानवाहू नौकेच्या चार बॉयलरांपैकी एकाला युद्धापूर्वीच तडा गेला होता. विमान उडवायचे तर जहाजाला वाऱ्याला सामोरे जाऊन वेग धरावा लागतो, आणि वेगच तर कमी झालेला. तरीही ४ डिसेंबरला तिच्यावरून झेपावलेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले. नानांनी यातले काहीच पाहिले नाही. ते खाली, उष्ण आणि गोंगाटाच्या इंजिनकक्षात होते. शौर्यकथा ऐकायला आलेल्यांना ते एवढेच सांगत, “आम्ही फक्त वाफ दिली.”

घरी त्यांची पत्रे येत ती फ्लीट मेल ऑफिसमार्फत. जहाज कुठे आहे हे लिहिण्याची मुभा नसे, म्हणून पत्रात समुद्र कधीच नसायचा. असायचे ते आमचेच घर: माळ्यावरच्या पाण्याच्या टाकीचा बोळा बदलला का, धाकट्याचा खोकला थांबला का, आई दुपारी थोडी आडवी होते का. रजेवर आले की पहाटेचा चहा त्यांचा. आईला सकाळी सहापर्यंत उठण्याची मनाई होती.

त्याच आईला २०१० साली पक्षाघात झाला. नाना तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक लांब वही आणून तिच्यात रकाने आखले: वेळ, रक्तदाब, साखर, प्यायलेले पाणी, लघवी, शौच, कुशीवर वळवल्याची वेळ आणि शेवटी ‘शेरा’. इंजिनकक्षातल्या नोंदवहीचाच हा नमुना होता. सात वर्षे, आई जाईपर्यंत, एकही दिवस कोरा नाही. शेऱ्याच्या रकान्यात क्वचित वैद्यकीय नसलेल्याही नोंदी आहेत. ‘आज हसली.’ ‘आज माझ्यावर रागावली. प्रकृती सुधारत असावी.’

इंजिनांच्या आवाजाने नानांचे कान मात्र लवकर गेले. त्या पिढीला बहिरेपणा म्हणजे नोकरीची खूणच वाटे, त्यामुळे श्रवणयंत्राला त्यांचा कडवा विरोध. कमी ऐकू येणे हे स्मृतिभ्रंशाच्या बदलता येण्याजोग्या जोखमींपैकी एक असल्याचे ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने २०१७, २०२० आणि २०२४ च्या अहवालांत नोंदवले आहे. बहिरेपणामुळेच नानांना आजार झाला, असा निष्कर्ष मी काढणार नाही. पण ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्प होतो आणि गप्प आहे म्हणून घर त्याच्याशी बोलणे सोडते, हे मी पाहिले आहे. घरातल्या ज्येष्ठांची श्रवणचाचणी लांबणीवर टाकू नका. नानांनी अखेर यंत्र स्वीकारले ते नातवासाठी. २०१६ साली ‘विक्रांत’च्या पोलादाचा अंश असलेली बजाजची मोटरसायकल बाजारात आली आणि नातवाने ती घेतली. तिचा आवाज ऐकायचा म्हणून आजोबांनी यंत्र कानात घातले, टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, “आमची अशी फटफटत नव्हती.”

पुढे आजार वाढला तसे ते रात्री पावणेचारला उठू लागले. चार ते आठचा पहारा त्यांचा होता. “नाना, तुम्ही निवृत्त झालात,” असे भावाने एकदोनदा सांगून पाहिले. ते घाबरत, चिडत. मग मी एका रात्री समोर ताठ उभी राहिले. “सर, रिलीव्ह करायला आले आहे. वॉच माझ्याकडे.” त्यांनी मला निरखून पाहिले. “इंजिनकक्षात मुली कधीपासून?” “नवीन आदेश आहे, सर.” “वाफेचा दाब?” “व्यवस्थित आहे, सर.” ते पलंगावर टेकले आणि पाच मिनिटांत झोपले. याला खोटे बोलणे म्हणावे का, असा प्रश्न मला एका शेजाऱ्यांनी विचारला. मला तसे वाटत नाही. पहारा खरोखरच माझ्याकडे होता.

प्रत्येक रात्री हे जमे असे नव्हे. काही रात्री ते पाहणीचा हट्ट धरत. मग मी दिवा लावून त्यांच्यासोबत घराची फेरी मारत असे: गॅसचा कॉक, नळ, दाराची कडी. अंधारात एकट्याने भटकून पडण्यापेक्षा हे बरे.

त्यांची वही आता त्यांच्यासाठी चालू होती. एकदा दोन दिवसांत ते एकदम बदलले. दिवसा गुंगी, रात्री असंबद्ध बोलणे, भावाचीही ओळख पटेना. आजार बळावला असेच सर्वांना वाटले. वही मात्र सांगत होती की पाणी निम्म्यावर आले आहे आणि लघवीच्या फेऱ्या वाढल्या आहेत. डॉक्टरांनी वही पाहून तपासणी सांगितली. मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला आणि उपचारांनंतर नाना पूर्ववत झाले. ज्येष्ठांचा गोंधळ अचानक वाढला तर त्याला ‘वय झाले’ म्हणू नका. संसर्ग, पाण्याची कमतरता, बद्धकोष्ठता, नवे औषध, यांपैकी काहीही कारण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

रात्रपाळीला येणाऱ्या मावशींना आरंभी ही वही जाचक वाटे. चौथी शिकलेल्या त्या. अक्षर काढायला वेळ लागे. पण सकाळी पाळी सोपवताना वही उघडून, बोट ठेवून, एकेक रकाना वाचून दाखवायचा हा नानांचा नियम त्यांनी कधी मोडला नाही. शेवटच्या पहाटेची नोंदही त्यांचीच आहे: ‘४.१० श्वास हळू. ताईंना उठवले.’ गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला होता. आता त्या कोथरूडला एका आजींकडे जातात. तसली लांब वही कुठल्या दुकानात मिळते, हे विचारत होत्या.